शब्दकोशात ‘फिग.’ दिसलं की काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. सात-आठ महिने तुम्ही पोर्तुगीज शिकताय आणि एका ब्राझिली मजकुरातलं हे वाक्य अडलं: ‘नु एस्क्रितोरिउ, केंय पागोउ उ पातु फोइ उ एस्ताजियारिउ, एंगोलिउ सापुस दुरांते मेझेस इ, उं दिया, शुतोउ उ बाल्दे.’ शब्दकोश उघडून तुम्ही अर्थ लावलात तो असा: ‘ऑफिसात बदकाचे पैसे शिकाऊ उमेदवाराने भरले, कित्येक महिने त्याने बेडूक गिळले आणि एक दिवस बादलीला लाथ मारली.’ मग इंग्रजीतली बादली आठवली आणि शेवटच्या तुकड्याचा अर्थ ‘मेला’ असा केलात. वर विचारताय की शब्द शब्दशः कधी घ्यायचा, लाक्षणिक कधी, आणि शब्दकोशात ‘फिग.’ असं लिहिलेलं असतं त्यावर किती विसंबायचं.

उमेदवार जिवंत आहे, एवढं आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश.

मी पोर्तुगीज-मराठी भाषांतरावर पोट भरते. निम्मं काम गोव्यातल्या जुन्या कागदांचं: जमिनी, वारसा, जन्मनोंदी. निम्मं ब्राझीलशी व्यवहार करणाऱ्या इथल्या कारखान्यांचं. (उच्चार लिस्बनचे वेगळे, साओ पावलोचे वेगळे. इथे मी लिखाणाला धरून मधला रस्ता काढलाय.) ‘फिगुरादु’ म्हणजे लाक्षणिक, त्याचं हे ‘फिग.’. माझ्या मते ही खूण अर्धवट उपयोगाची आहे. शब्दाला दुसरा अर्थ आहे एवढंच ती सांगते. त्या अर्थामागचं चित्र बोलणाऱ्याला अजून दिसतं की केव्हाच पुसलं गेलंय, हे ती सांगत नाही, आणि भाषांतर करताना सगळं अडतं ते तिथेच. गंमत म्हणजे ‘शब्दशः’ याला पोर्तुगीजमध्ये म्हणतात ‘आउ पॅ दा लेत्रा’, म्हणजे ‘अक्षराच्या पायाशी’. अक्षराला पाय कुठून आले? शब्दशः म्हणायलाच त्यांना लक्षणा लागते.

पण लक्षणेकडे जाण्याआधी एक खड्डा दाखवते. त्यात मी स्वतः पडलेय.

नवखी असताना एका मासिकासाठी ब्राझीलमधल्या जुन्या शहराबद्दलचा लेख भाषांतरित केला होता. त्यात वाक्य होतं, ‘उ काझारांव फोइ तोंबादु.’ काझारांव म्हणजे जुना मोठा वाडा. तोंबार म्हणजे पडणं, कोसळणं, पाडणं. मी बिनधास्त लिहिलं, ‘तो वाडा पाडण्यात आला.’ छापूनही आलं. पंधरा दिवसांनी ब्राझीलमध्ये राहून आलेल्या एका वाचकाचं पत्र आलं की वाडा ठणठणीत उभा आहे, उलट सरकारने तो वारसा वास्तू म्हणून जाहीर केल्यामुळे आता त्याची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. ब्राझीलमध्ये १९३७च्या एका हुकुमान्वये अशा वास्तूंची सरकारी वहीत नोंद करायची पद्धत सुरू झाली. ती वही म्हणजे ‘लिव्रु दु तोंबु’, आणि वास्तू त्या वहीत चढवणं म्हणजे तोंबार. मी अर्थाचा अनर्थ नव्हे, चक्क उलटा अर्थ केला होता.

आता हा ‘तोंबु’ लाक्षणिक आहे का? अजिबात नाही. पडण्याचा तोंबु वेगळा आणि वहीचा तोंबु वेगळा. वहीचा शब्द ग्रीक-लॅटिनमधल्या ‘ग्रंथाचा खंड’ या अर्थाच्या शब्दापासून आला. दोन अनोळखी माणसांचं आडनाव एकच निघावं, तसं हे. आपल्याकडे ‘नाव’ म्हणजे होडी आणि ‘नाव’ म्हणजे नाम, तसलाच प्रकार. लिस्बनमधल्या राष्ट्रीय दफ्तरखान्याचं नाव ‘तोर्रे दु तोंबु’. १३७८पासून हे दफ्तर साओ जॉर्ज किल्ल्याच्या एका बुरुजात असे, म्हणून तोर्रे, म्हणजे बुरूज. विद्यार्थी त्याचं ‘पडका बुरूज’ करतात आणि मी त्यांना फार रागावू शकत नाही, कारण १७५५च्या भूकंपात तो बुरूज खरोखरच कोसळला.

‘मांगा’चंही तसंच. मांगा म्हणजे बाही आणि मांगा म्हणजे आंबा. बाहीचा शब्द लॅटिनमधून आला, आंब्याचा आपल्या मलबार किनाऱ्यावरून, मल्याळममधून गेला. त्या दोघांची भेट योगायोगाने झाली. म्हणून पहिली सवय ही लावा: शब्दकोशात एकच नोंद आहे की १ आणि २ असे आकडे घालून दोन नोंदी आहेत, ते बघा. दोन असतील तर लक्षणा शोधत बसू नका.

आता खरी लक्षणा. बी.ए.ला संस्कृत किंवा मराठी घेतलेल्यांना ‘गंगायां घोषः’ आठवत असेल. गंगेवर गौळवाडा, पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून गंगेच्या काठावर. आपल्या काव्यशास्त्राने लक्षणेचे दोन मोठे भाग पाडले: रूढीने आलेली आणि काही प्रयोजनाने केलेली. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचं गवत हात न कापता खुडणारा. आज ‘कुशल कारागीर’ म्हणताना गवत कुणाच्या डोळ्यांसमोर येतं? ही रूढी. परदेशी भाषा शिकताना ही जुनी विभागणी मला शब्दकोशाच्या ‘फिग.’पेक्षा जास्त कामाला आली आहे.

रूढीवाल्या शब्दांपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत जास्त असतात आणि सगळ्यांत निरुपद्रवी दिसतात. पोर्तुगीजमध्ये टाळूला म्हणतात ‘सेउ दा बोका’, तोंडाचं आभाळ. ऐकल्यावर कविता वाटते. पण दाताचा डॉक्टर लिस्बनमध्ये ‘सेउ दा बोका सुजलंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आभाळबिभाळ काही नसतं. तिथे मराठीत ‘टाळू’च लिहायचं. लसणाच्या पाकळीला ते ‘देंते दे आल्यु’ म्हणतात, म्हणजे लसणाचा दात. आपल्याला त्याचं हसू येतं, पण लसणाला पाकळी असते असं म्हणणारे आपण कोण? कपाच्या कानाला ते ‘आझा’ म्हणतात, म्हणजे पंख. त्यांच्या कपाचा पंख मोडतो, आपल्या कपाचा कान तुटतो आणि चहा दोघांचाही सांडतो.

आणि काही ठिकाणी तर दोन्ही भाषांनी तेच चित्र काढलंय. डोळ्यातल्या बाहुलीला पोर्तुगीजमध्ये ‘मेनीना दु ओल्यु’ म्हणतात, डोळ्यातली मुलगी. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं, त्यातून इकडे बाहुली झाली आणि तिकडे मुलगी. पायाच्या पोटरीला त्यांचा शब्द ‘बारीगा दा पेर्ना’, म्हणजे पायाचं पोट. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मग मी विचारते, ‘पोटरी’त काय दिसतं? थोडी शांतता होते आणि मग कुणीतरी ‘अरेच्चा’ म्हणतं. जन्मभर वापरलेल्या शब्दात पोट आहे हे बघायला पोर्तुगीज शिकावं लागलं.

कारखान्याच्या कागदांत या रूढ शब्दांचं जंगल असतं. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं कुणीतरी आधी केलेलं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘गाडीखाली माकड लावा आणि डुकरीण घट्ट पिळा.’ मूळ शब्द ‘माकाकु’ आणि ‘पोर्का’. माकाकु म्हणजे माकड खरंच, पण गॅरेजमध्ये माकाकु म्हणजे जॅक. पोर्का म्हणजे डुकरीण, पण बोल्टच्या शेजारी ती आली की नट. आंब्याच्या कलमांबद्दल वाचलंत तर खुंटाला ‘काव्हालु’ म्हटलेलं दिसेल, म्हणजे घोडा. वर बांधलेली काडी त्याच्यावरचा स्वार. अशा मजकुरात चित्र जपायच्या नादाला लागलात तर वाचणारा मिस्त्री तुम्हाला वेड्यात काढेल.

कायद्याच्या भाषेतही हेच, फक्त चूक जास्त महाग पडते. गोव्यात कुटुंब आणि वारसा या बाबतींत अजूनही १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालतो, म्हणून मराठी वकिलांच्या टेबलावरही ‘काबेसा दे काझाल’ हा शब्द येतो. शब्दशः ‘जोडप्याचं डोकं’. प्रत्यक्षात वारसावाटणीच्या कामात मृताची मालमत्ता सांभाळणारी, तिची यादी कोर्टापुढे ठेवणारी व्यक्ती. विधवा असेल, थोरला मुलगा असेल. हिंदू एकत्र कुटुंबातला ‘कर्ता’ हा शब्द इथे जिभेवर येतो, पण तो वापरू नका. कर्त्याचे अधिकार वेगळे. मी मूळ शब्द देवनागरीत ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे ‘मृताच्या मालमत्तेचा व्यवस्थापक’ असं लिहिते.

आता ज्यांचं चित्र अजून ओलं आहे, असे शब्द. यांतला माझा सगळ्यांत लाडका ‘लुवास’. लुवास म्हणजे हातमोजे. ब्राझीलच्या भाडेकरारांत लुवास म्हणजे दुकानाची जागा भाड्याने घेताना भाड्याशिवाय एकरकमी द्यावी लागणारी रक्कम. तिथे १९३४ साली याबद्दल जो हुकूम निघाला त्याचं लोकांत रूढ झालेलं नावच ‘लेइ दे लुवास’, हातमोज्यांचा कायदा. पहिल्यांदा हा शब्द आला तेव्हा ‘अधिमूल्य’ वगैरे लिहून पाहिलं, मग गिरगावातल्या भाड्याच्या खोल्या आठवल्या आणि खुर्चीतच हसले. पागडी! त्यांनी हातात घालायची वस्तू घेतली, आपण डोक्यावरची. मराठीत इतका तंतोतंत शब्द तयार असताना शब्दकोशाने दिलेलं ‘आगाऊ रक्कम’ लिहिणं म्हणजे करंटेपणा. एवढंच लक्षात ठेवायचं की मुंबईच्या पागडीबरोबर इथले भाडेनियंत्रणाचे सगळे हक्क चिकटून येतात, ते ब्राझीलच्या करारात आपोआप येत नाहीत. त्यामुळे लेखात पागडी, आणि करारात पागडी अधिक एक तळटीप.

‘प्रोपिना’ हा असाच फसवा. मूळ लॅटिन क्रियापदाचा संबंध पिण्याशी, एखाद्याच्या नावाने प्याला उचलण्याशी. त्यातून बक्षिसी. तिथून वाटा फुटल्या. पोर्तुगालमध्ये प्रोपिना म्हणजे विद्यापीठाची फी. ब्राझीलमध्ये प्रोपिना म्हणजे लाच. पोर्तुगीज विद्यार्थी ‘प्रोपिना वाढली’ म्हणून मोर्चा काढतात, तेव्हा ब्राझीलहून आलेला माणूस बघतच राहतो. हा शब्द ब्राझिली मजकुरात आला आणि बोलणारा जरा आडून बोलत असला तर मराठीत ‘चहापाणी’ लिहावं. पिण्यापासून निघून लाचेपर्यंतचा तोच प्रवास आपल्याही शब्दाने केलाय. सरळ आरोप असेल तर मात्र ‘लाच’च.

ब्राझीलचा बाजार तर अशा शब्दांनी भरलेला आहे. अननसाला पोर्तुगालमध्ये ‘आनानाश’ म्हणतात, आपला अननस तिथूनच आला. ब्राझीलमध्ये मात्र ‘आबाकाशी’, आणि आबाकाशी म्हणजे गळ्यात पडलेली कटकटही. ‘आबाकाशी सोलणं’ म्हणजे ती कटकट निस्तरणं. ‘लारांजा’ म्हणजे संत्रं, पण पैशांच्या अफरातफरीच्या बातमीत लारांजा म्हणजे ज्याच्या नावावर खाती आणि कंपन्या काढल्यात तो नावापुरता मालक, आपल्याकडचा बेनामीवाला. ‘गातु’ म्हणजे बोका. देखण्या पुरुषालाही गातु म्हणतात. आणि वीज कंपनीच्या पत्रकात गातु दिसला तर समजा की कुणीतरी तारेवर आकडा टाकलाय.

इथे शब्दकोश ‘फिग.’ लिहून मोकळा होतो. तो अर्थ पोर्तुगालचा की ब्राझीलचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चांगल्या कोशात देशाची खूण वेगळी दिलेली असते. ती ‘फिग.’पेक्षा महत्त्वाची.

आतापर्यंत शब्दांबद्दल बोलले. पण पोर्तुगीजमध्ये एक गोष्ट अशी आहे की जिथे शब्द तोच राहतो, नुसती जागा बदलली की सरळ अर्थाचा लाक्षणिक होतो. आपल्या लोकांना ही सगळ्यांत जड जाते, कारण मराठीत विशेषण नामाच्या आधीच बसतं, त्याला दुसरी जागाच नाही. पोर्तुगीजमध्ये विशेषण सहसा नामाच्या नंतर येतं, आणि तिथे ते मोजता-बघता येणारा गुण सांगतं. तेच उचलून आधी आणलं की बोलणाऱ्याचं मत, भावना, मोठेपणा आत शिरतो. ‘ओमें ग्रांदे’ म्हणजे अंगाने मोठा माणूस. ‘ग्रांदे ओमें’ म्हणजे थोर माणूस, मग तो पाच फुटांचा का असेना. ‘फुंसियोनारिउ आल्तु’ म्हणजे उंच कर्मचारी, ‘आल्तु फुंसियोनारिउ’ म्हणजे बडा अधिकारी. ‘आमीगु व्हेल्यु’ म्हातारा मित्र, ‘व्हेल्यु आमीगु’ जुना मित्र. ‘कार्रु नोव्हु’ म्हणजे कोरी करकरीत गाडी. ‘नोव्हु कार्रु’ म्हणजे आधीची विकून घेतलेली दुसरी, भले ती जुन्या बाजारातून आणलेली असो. मराठीत दोन्हीला ‘नवीन गाडी’.

याचं गांभीर्य मला एका जुन्या गोवेकर अर्जाने शिकवलं. नारळीच्या बागेचा वाद होता, अर्ज करणारीच्या नावापुढे मुनशीने लिहिलं होतं ‘पोब्रे व्हियुव्हा’. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने त्याचं ‘गरीब विधवा’ केलं. पण पोब्रे आधी आलाय. मुनशी म्हणतोय ‘बिचारी विधवा’. पैशाने गरीब म्हणायचं असतं तर ‘व्हियुव्हा पोब्रे’ असतं. त्याच अर्जात दोन पानांपुढे बाईंच्या तीन घरांची यादी होती! आमचं भाषांतर तसंच गेलं असतं तर समोरच्या वकिलाने ‘बाई खोटं बोलतात, स्वतःला गरीब म्हणवतात’ असा मुद्दा सहज काढला असता. मुनशीने नुसती दया दाखवली होती.

हा नियम शंभर टक्के चालतो असं नाही. कवी आणि वर्तमानपत्रांचे मथळे लिहिणारे तो हवा तसा वाकवतात. पण सरकारी कागदांत, पत्रांत, रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा लागू पडतो.

आता तुमचं बदक. अख्खा वाक्प्रचार असेल तर मी एक साधी कसोटी लावते: त्यात एखादं विशेषण कोंबून बघते. ‘पागोउ उ पातु’ म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची किंमत भरली, निष्पाप असून अंगावर आलं. पण ‘पागोउ उ पातु आसादु’, भाजलेल्या बदकाचे पैसे दिले, म्हटलं की लगेच हॉटेलचं बिल समोर येतं. ‘शुतोउ उ बाल्दे’ म्हणजे सगळं झुगारून दिलं, ‘गेलं खड्ड्यात’ म्हणून मोकळा झाला. ‘शुतोउ उ बाल्दे व्हेर्मेल्यु’ म्हणजे लाल बादलीला लाथ मारली, फरशी पुसा आता. मराठीत करून बघा: ‘माझ्या डोक्यावर खापर फोडलं’ आणि ‘माझ्या डोक्यावर तांबडं खापर फोडलं’. दुसऱ्यात दवाखाना लागतो. वाक्प्रचाराचं चित्र जितकं गोठलेलं, तितकं त्यात काही घुसवता येत नाही.

अर्थात गोठलेलं चित्र कधीकधी कुणीतरी मुद्दाम वितळवतं. २०१५ साली साओ पावलोच्या उद्योजकांच्या संघटनेने करवाढीविरुद्ध मोहीम काढली, घोषणा ‘आम्ही बदकाचे पैसे भरणार नाही’ या अर्थाची, आणि रस्त्यावर हवा भरलेलं प्रचंड पिवळं रबरी बदक आणून उभं केलं. त्यानंतरच्या राजकीय मोर्च्यांतही ते फिरलं. त्या काळातल्या ब्राझिली लेखात ‘पातु’ दिसला तर नुसतं ‘खापर’ लिहून भागत नाही, बदक दाखवावंच लागतं. प्रयोजनवती लक्षणा म्हणतात ती हीच.

तुमची बादलीची चूक मात्र वेगळ्या जातीची आहे. तुम्ही पोर्तुगीजमधून मराठीत येताना मध्ये इंग्रजीच्या स्टेशनावर उतरलात. आपण सगळेच उतरतो, कारण कोश बहुतेक इंग्रजीचे. पण मरणासाठी ब्राझिली माणूस बादलीला लाथ मारत नाही, तो ‘बूट आपटतो’ किंवा ‘लाकडी कोट चढवतो’. वाक्प्रचाराच्या बाबतीत तरी इंग्रजीला बाजूला ठेवा आणि थेट विचारा, या प्रसंगी माझी आजी काय म्हणाली असती? ‘दोर दे कोतोव्हेलु’, कोपराचं दुखणं, म्हणजे प्रेमातली असूया. आजी म्हणाली असती, हिच्या पोटात दुखतंय. पोर्तुगालमध्ये साहेबाची खुशामत करायची तर ‘दार ग्राशा’, बुटाला पॉलिश लावायचं. आपण लोणी लावतो. ‘पॅ दे मेया’ म्हणजे मोज्याचा पाय, अर्थात साठवलेले पैसे. २०२४मध्ये ब्राझील सरकारने शाळकरी मुलांसाठी याच नावाची बचत योजना आणली. मराठीत गाठीला बांधलेले चार पैसे. इंग्रजी कुठे लागली?

काही वाक्प्रचारांना मात्र आजीही पुरी पडत नाही, कारण त्यांच्या पोटात इतिहास असतो. पोर्तुगालमध्ये एखादी गोष्ट हाताबाहेर गेल्यावर कुणी धावाधाव करायला लागलं की म्हणतात, ‘आगोरा इनेस ए मोर्ता’, आता इनेस मेली. इनेस दि कास्त्रु ही राजपुत्र पेद्रुची प्रेयसी. १३५५ साली कोइंब्रात राजा चौथ्या आफोंसुने तिला मारवलं. पेद्रु पुढे दोन वर्षांनी राजा झाला, पण इनेस परत यायची नव्हती. ‘बैल गेला नि झोपा केला’ इथे अर्थाला चपखल बसतं, पण वाक्यातलं रक्त जातं. ‘ध चा मा केला’ हे परक्याला कसं सांगाल? शब्दशः सांगितलं तर एका अक्षराचं दुसरं अक्षर केलं, एवढंच. त्यामागचा शनिवारवाडा, १७७३ साल आणि नारायणराव सांगितल्याशिवाय तो शहारत नाही. कादंबरीत मी इनेसला ठेवते, बातमीत बैलाला पाठवते.

‘पारा इंग्लेस व्हेर’, इंग्रजांना दाखवण्यापुरतं, हेही असंच. ब्रिटिशांच्या दबावाखाली ब्राझीलने ७ नोव्हेंबर १८३१ रोजी गुलाम आणण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि पुढे कित्येक वर्षं गुलामांची जहाजं येतच राहिली; बंदी खऱ्या अर्थाने लागू झाली ती १८५०च्या कायद्यानंतर. वाक्प्रचाराचा उगम बहुतेक लोक तिथेच दाखवतात. आज फक्त देखाव्यापुरतं केलेलं काहीही ‘पारा इंग्लेस व्हेर’.

आणि एक छोटासा, यंत्रातून आलेला. उशिरा एखादी गोष्ट लक्षात आली की ब्राझिली माणूस म्हणतो ‘काइउ आ फीशा’, टोकन पडलं. १९७२मध्ये तिथे रस्तोरस्ती अंड्याच्या आकाराचे टेलिफोनचे आडोसे लागले, शांघायमध्ये जन्मलेल्या चू मिंग सिल्व्हेरा या वास्तुरचनाकार बाईंनी आखलेले. लोकांनी त्यांना ‘ओरेल्यांव’ नाव दिलं, म्हणजे मोठ्ठा कान. त्यात टोकन टाकायचं, फोन लागला की ते खाली पडायचं. टोकनं जाऊन जमाना झाला, पण ज्यांनी ती कधी पाहिली नाहीत त्या पोरांचंही टोकन अजून पडतं. आपल्याकडे ट्यूब पेटते. एलईडीच्या घरात वाढलेल्या मुलांना ती फडफडत उशिरा का पेटायची, हेच माहीत नाही.

या सगळ्यात मराठी माणसाला एक आयती सोय आहे, ती बहुतेकजण वापरत नाहीत. पोर्तुगीज शब्द आपल्या घरात चारशे-पाचशे वर्षं राहिलेत आणि राहता राहता त्यांनी अर्थ बदललेत. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. ‘मेस्त्रे’ म्हणजे गुरू, उस्ताद. आपला मिस्त्री थापी घेऊन उभा. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. आपला पगार म्हणजे ते मिळणं. तुमच्या वाक्यातला ‘पागोउ’ याच घरातला, आणि ‘बाल्दे’ तर आपली बादलीच.

यातला ‘तुरुंग’ मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवते. मूळ शब्द ‘त्रोंकु’, म्हणजे झाडाचं खोड. खोडाच्या ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, त्या साधनालाही त्रोंकु म्हणू लागले. मग ते साधन जिथे ठेवलेलं असे ती जागाही त्रोंकु झाली, आणि जुन्या गोव्यात तर सरळ कैदखान्यालाच त्रोंकु म्हणत. तिथून तो मराठीत आला तो तुरुंग होऊन. आता आपल्याच शब्दाकडे बघा. झाडाचं खोड. त्यापासून कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. आणि त्यापासून कुणाच्या चालत्या कामात ‘खोडा घालणं’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच ओंडक्यापासून सुरुवात केली. पोर्तुगीज शब्द वस्तूकडून जागेकडे गेला, मराठी शब्द वस्तूकडून अडथळ्याकडे. नव्या शब्दाचा लाक्षणिक अर्थ पाठ करण्याऐवजी असा रस्ता काढून बघितला तर तो डोक्यात राहतो. माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी असतात: चित्र काय, ते कुठल्या देशात दिसतं, आणि त्याच प्रसंगाला मराठीत कुठलं चित्र आहे. तिसरा रकाना कधीकधी वर्षभर रिकामा राहतो. राहू द्यावा.

तर तुमचं वाक्य. मजकूर ब्राझीलचा, बोलीतला, रबरी बदकाशी काही संबंध नाही, म्हणजे बदक सोडायला हरकत नाही. बेडूक गिळणं म्हणजे अपमान, कटकट, जे येईल ते तोंडातून शब्द न काढता सोसणं, आणि गिळायला मराठीतही येतं. मी असं लिहीन:

‘ऑफिसात खापर फुटलं ते शिकाऊ पोराच्या डोक्यावर, कित्येक महिने त्याने सगळं मुकाट्याने गिळलं, आणि एक दिवस “गेलं खड्ड्यात” म्हणून उठला.’

बदक गेलं, बेडूक गेले, बादलीही गेली. बादलीचं थोडं वाईट वाटतं, ती आपलीच होती.